पंखाचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत, हसूरचंपू नावाचे खेडे आहे. डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा जन्म 1908 साली तेथे झाला. राइट बंधूंचे विमान अमेरिकेत 1903 च्या डिसेंबरात उडाले होते. पण आपल्या देशात अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल गेले ते 1911 साली. म्हणजे ज्या मुलाने पुढे भारतीय आराखड्याचे पहिले विमान आकाशात पाठविले, तो जन्मला तेव्हा ह्या भूमीवर कोणी विमान पाहिलेलेही नव्हते. हसूरचंपूच्या आकाशात त्या काळी घारी आणि पतंग एवढेच उडत असणार.

घाटगे यांचे नाव आपल्या महाविद्यालयात मी किती जणांना विचारले असेल! विज्ञानाचे विद्यार्थीही मान हलवीत. ह्याउलट विमान आणि मराठी माणूस म्हटले की बहुतेकांच्या तोंडी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव येते. 1895 साली त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर माणसाविना विमान उडविले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्यावर 2015 साली हिंदी चित्रपटही निघाला. तळपद्यांच्या खटपटीविषयी मला अनादर नाही. पण त्या उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही, आणि ते यंत्र कसे होते, त्याचा पंख केवढा होता, त्याने किती वजन उचलले, ह्यातले काहीच हाती लागत नाही. घाटगे यांच्या विमानाचे तसे नाही. त्याचे माप आहे, वजन आहे, इंजिन कोणते ते ठाऊक आहे, उडविणाऱ्याचे नाव ठाऊक आहे आणि त्याच्यावर शिकलेल्या वैमानिकांच्या पिढ्या आहेत. बहुधा म्हणूनच त्याची कथा होत नाही. ज्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही, ती आपण चटकन विसरतो.

हे सारे माझ्या वाचनात आले त्याला निमित्त झाले एका प्रयोगाचे. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या माझ्या तीन मित्रांनी प्रदर्शनासाठी विमानाच्या पंखावर प्रयोग आखला आहे. आकृत्या आणि गणित त्यांचे. भित्तिपत्रकावरचा मराठी मजकूर मात्र कला शाखेचा म्हणून माझ्या वाट्याला आला. पंख कसा उचलतो हे मला समजेल तेव्हाच ते लिहिता येईल, म्हणून मी वाचू लागलो आणि वाचता वाचता गॉटिंगेनला जाऊन पोहोचलो.

गॉटिंगेन हे जर्मनीतले विद्यापीठाचे गाव. तेथे लूडव्हिख प्रांट्ल नावाचे प्राध्यापक होते. वायुगतिकी ह्या शास्त्राचे आधुनिक रूप ज्यांच्या हातून घडले त्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत घेतात. घाटगे त्यांच्याकडे शिकायला गेले आणि 1936 साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. प्रांट्ल यांच्या हाताखाली संशोधन करणारे ते पहिले भारतीय. हिटलरची सत्ता येऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. त्याच गॉटिंगेनमधून 1933 साली माक्स बॉर्न, एमी नोएथर, रिखार्ड कूरांट ह्यांच्यासारख्या थोर अध्यापकांना केवळ ज्यू म्हणून दूर करण्यात आले होते. अशा गावात, परक्या भाषेत, गडहिंग्लजकडचा एक तरुण पंखावरून वाहणाऱ्या हवेचे गणित शिकत होता. त्याच्या घरच्यांनी गावात काय सांगितले असेल? मुलगा काय शिकतो, असे कोणी विचारले तर हवा शिकतो असे सांगायचे का? माझ्या घरी कॉलेजात गेलेला मीच पहिला. राज्यशास्त्र म्हणजे काय हे आजीला सांगताना माझी त्रेधा उडते, म्हणून हा प्रश्न मला सुचला.

प्रांट्ल यांचे मोठेपण समजायला डोक्यावरचा पंखा पाहावा. तो दिवसभर गरगर फिरतो, तरी आठवड्याने पुसायला घेतला तर पात्यांवर धुळीचा थर असतो. एवढ्या वाऱ्यात धूळ उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पात्याच्या दृष्टीने ती स्थिर असते. पृष्ठापासून जसजसे दूर जावे तसतसा वाऱ्याचा वेग वाढत जातो, आणि हा सारा बदल एका अतिशय पातळ थरात होतो. त्या थराला सीमास्तर म्हणतात. 1904 साली हायडेलबर्ग येथे भरलेल्या गणितज्ञांच्या परिषदेत प्रांट्ल यांनी हा विचार एका आटोपशीर निबंधात मांडला. त्याआधी त्यांनी पाण्याची एक छोटी नाली केली होती. तिच्यातले पाणी हाताने चाक फिरवून वाहते ठेवायचे आणि पाण्यात अभ्रकाची चमकणारी पूड टाकून प्रवाह कसा वळतो ते डोळ्यांनी पाहायचे. जगातील सगळ्या विमानांचा विचार ज्यावर उभा आहे, ती गोष्ट हाताने फिरवायच्या चाकावर दिसली, हे वाचून मला आमच्या प्रयोगाविषयी धीर आला.

सीमास्तर पंखाला चिकटून राहतो तोवर पंख आपले काम करतो. पंखाचे तोंड वर उचलत गेले की उचल वाढत जाते. पण एका मर्यादेपलीकडे वरच्या बाजूचा प्रवाह पंखाला धरून राहत नाही. तो सुटतो, मागे भोवरे होतात आणि उचल एकदम पडते. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरचा पाणीमहाल पावसाळ्यात ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी दगडाच्या कडेला धरून वाहणारे पाणी आणि त्या कडेपासून सुटून घुमणारे पाणी ही दोन्ही पाहिली असतील. हवेचेही तसेच होते, फक्त ते दिसत नाही. विमानाच्या बाबतीत ह्या सुटण्याला फार भयंकर अर्थ आहे. विमान खाली येत आहे म्हणून घाबरलेला नवशिका तोंड आणखी वर ओढतो आणि त्यामुळेच विमान पडते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ छोट्या पुस्तकांत असे लिहिलेले असते की पंखाची वरची बाजू फुगीर म्हणून लांब. वरच्या हवेला खालच्या हवेबरोबर मागच्या कडेला पोहोचायचे असते, म्हणून ती जोरात धावते आणि वर दाब कमी होतो. वरची हवा जोरात जाते आणि तेथे दाब कमी असतो, इतके खरे. पण बरोबरीने पोहोचण्याचे बंधन हवेवर कोणी घातले? वातविवरात, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात, धुराचे फटकारे सोडून पाहिले तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागे पोहोचते. पंख येणाऱ्या हवेला खाली वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः वर उचलला जातो. वरचा कमी दाब आणि हे खाली वळणे ही एकाच घटनेची दोन अंगे होत. सपाट पुठ्ठाही तिरका धरला तर उचल देतो. पतंगाला कुठे फुगीर पाठ असते?

आपल्या जिल्ह्यात ह्याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. भूम, वाशीकडच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. तिचे प्रत्येक पाते म्हणजे एक लांबलचक पंखच आहे. ती पाती इतकी लांब आणि निमुळती का, आखूड आणि रुंद का नाहीत, ह्याचे उत्तरही प्रांट्ल यांच्या गणितात आहे. पंखाच्या टोकाशी खालची जास्त दाबाची हवा वळसा घेऊन वर येऊ पाहते, तेथे भोवरा होतो आणि काही उचल वाया जाते. पंख जितका लांब आणि अरुंद, तितका ह्या टोकाच्या नुकसानीचा वाटा कमी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 च्या सुमारास, प्रांट्ल यांनी हा हिशेब मांडला. पंख आखताना कागदावरच त्याच्या उचलीचा आणि रोधाचा अंदाज बांधता येऊ लागला तो ह्यामुळे. घाटगे गॉटिंगेनहून घेऊन आले ते हे असले सामान.

मित्रांचा प्रयोगही ह्याच दोन प्रश्नांभोवती आहे. थर्मोकोलचे दोन पंख कापायचे. एक 30 सेंटीमीटर लांब व 10 रुंद, दुसरा 20 लांब व 15 रुंद. दोघांचे क्षेत्रफळ 300 चौरस सेंटीमीटर. पंख एका बारीक दांडीवर बसवून दांडी स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभी करायची, आकडा शून्यावर आणायचा आणि समोरून टेबलफॅन लावायचा. काटा उणे जितके ग्रॅम दाखवील तितकी उचल. हिशेबाने ती दहा-वीस ग्रॅमच भरेल. मग पंखाचे तोंड पाच-पाच अंशांनी वर करीत न्यायचे आणि उचल कोठे पडते ते पाहायचे. ऐकायला सोपे वाटते. पण फॅनचा वारा पिळवटून येतो. तो सरळ करण्यासाठी सरबताच्या नळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात दाटीने भरून त्यांतून वारा सोडावा लागणार. वारा काट्याच्या तबकडीवर पडला तर आकडा खोटा येणार, म्हणून काट्याभोवती आडोसा हवा. विजेचा दाब संध्याकाळी उतरला की फॅन मंदावतो आणि वेग निम्मा झाला तर उचल चौथाईवर येते. म्हणून वाऱ्यात पुठ्ठ्याचा एक तुकडा दोऱ्याने टांगून तो नेहमी तितकाच मागे झुकतो ना, हे प्रत्येक वेळी पाहायचे. शिवाय दोन पंखांची नुसती लांबी बदलत नाही, रुंदीही बदलते; मग फरक कशामुळे पडला हे कसे सांगणार? ह्यावर तिघांचे दोन दिवस भांडण चालले होते. तिसरा पंख कापायचे ठरले आहे. भांडणाच्या वेळी मी तेथे होतो, आणि शास्त्र शिकणे म्हणजे पुष्कळसे असेच भांडण असावे, असे माझे मत झाले आहे.

आणखी एक अडचण मोठी आहे आणि ती कशानेही जात नाही. छोट्या पंखाला लागू पडणारा आकडा मोठ्या पंखाला जसाच्या तसा लागू पडत नाही. वाऱ्याचा वेग आणि पंखाची रुंदी ह्यांचा गुणाकार आमच्या थर्मोकोलच्या पंखात जेवढा होतो, त्याच्या शंभराहून अधिक पट तो खऱ्या शिकाऊ विमानात होतो. आणि सीमास्तर कसा वागेल हे त्यावर अवलंबून असते. त्यामुळे टेबलफॅनपुढे जे दिसेल त्यावरून विमान बांधता येत नाही. त्यासाठी मोठे वातविवर लागते, गणित लागते, आणि शेवटी कोणीतरी त्यात बसून उडावे लागते.

घाटगे परत आले तेव्हा देशात विमान बांधणारा कारखानाच नव्हता. तो उभा केला शेठ वालचंद हिराचंद यांनी. वालचंद आपल्या शेजारच्या सोलापुरात 1882 साली जन्मले. म्हैसूर सरकारच्या साहाय्याने त्यांनी 1940 च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली आणि घाटगे अगदी प्रारंभापासून तिच्यात गेले. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. अमेरिकेहून आलेले भाग जोडून हार्लो जातीची शिकाऊ विमाने आणि मग कर्टिस हॉक लढाऊ विमाने तेथे तयार होऊ लागली. 1942 साली भारत सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. पुढल्या वर्षी कारखाना अमेरिकन लष्कराच्या विमानदुरुस्तीच्या कामाला जुंपला गेला. जोडणे आणि दुरुस्त करणे एवढेच काम हाताला असताना घाटग्यांनी सैनिक वाहून नेणाऱ्या एका ग्लायडरचा आराखडा केला आणि तो 1941 साली उडालाही. तो एकच बांधला गेला. युद्धाच्या त्या धामधुमीत त्याकडे कोणाचे लक्ष असणार?

दुसरे काम त्यांनी केले ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. 1942 च्या डिसेंबरात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि त्याचे पहिले प्रमुख घाटगे झाले. देशात हा विषय शिकविणारी परंपरा नव्हती. जे शिकले ते परदेशात शिकून आलेले. त्या विभागातून पुढे विद्यार्थी निघू लागले आणि विमान आखणारी माणसे इथेच तयार होऊ लागली. ह्याच संस्थेतील विमानविद्या व यंत्रविद्या विभागांच्या पाच शास्त्रज्ञांनी 1974 साली ‘वैमानिक शास्त्र’ ह्या ग्रंथाची परीक्षा केली, हे येथे सांगायला हवे. तो ग्रंथ प्राचीन नसून 1904 नंतरचा आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी त्या ग्रंथाची टर उडविली नाही; त्यातली मापे घेतली, वजने घेतली आणि उचलीचा हिशेब केला. तरीही 2015 साली मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झालेच. घाटगे तोवर हयात नव्हते.

स्वातंत्र्यानंतर देशाच्या वायुदलाला वैमानिक हवे होते आणि वैमानिक शिकवायला विमान हवे होते. परदेशी विमाने विकत घेता आली असती, किंवा परवाना घेऊन बांधता आली असती. ती वाट सोपी होती. कंपनीने 1948 साली स्वतःच्या आराखड्याचे शिकाऊ विमान करण्याचे ठरविले आणि ते काम घाटगे यांच्याकडे आले. त्या विमानाचे नाव हिंदुस्थान ट्रेनर 2, म्हणजे एच.टी. 2.

एकामागे एक अशा दोन आसनांचे, खाली पंख असलेले, संपूर्ण धातूचे ते छोटे विमान. पंखांचा विस्तार सुमारे 10.7 मीटर, भरलेले वजन 1000 किलोंच्या आसपास. संगणक नव्हता. सगळा हिशेब स्लाइड रूल, लॉगरिथमची कोष्टके आणि कागद ह्यांवर व्हायचा. आणि शिकाऊ विमानाचा हिशेब लढाऊ विमानापेक्षा हलका असतो असे कोणी समजू नये. त्यात बसणाऱ्या दोघांपैकी एकाला काहीच येत नसते. तो चुकणार हे धरूनच पंख आखावा लागतो. प्रवाह पंखापासून सुटायचाच असेल तर तो आधी मुळाशी, धडाजवळ सुटावा. टोकाशी नको, कारण टोकाकडे विमान डावीउजवीकडे कलते करणाऱ्या फळ्या असतात आणि त्याच निकामी झाल्या तर विमान हातचे जाते. मात्र ते अगदीच सांभाळून घेणारे असूनही भागत नाही. नाहीतर त्यावर शिकलेला मुलगा पुढे जलद विमानात बसला की गोंधळेल. थोडे क्षमाशील, थोडे कडक असे विमान हवे. चांगल्या शिक्षकाविषयी आपण असेच म्हणतो!

1951 च्या ऑगस्टमध्ये एच.टी. 2 प्रथम उडाले. उडविणारे होते कॅप्टन जमशेद मुन्शी. पहिल्या नमुन्यात जिप्सी मेजर इंजिन होते. दुसरा नमुना सिरस मेजर इंजिनावर 1952 साली उडाला आणि तेच इंजिन पुढे कायम झाले. इंजिन परदेशीच होते, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. पंख आणि धड मात्र आपल्या आराखड्याचे होते, आणि ती वाऱ्याने मान्य केली होती.

सुमारे 170 एच.टी. 2 विमाने बांधली गेली. वायुदलात आणि नागरी प्रशिक्षणात तीन दशके नवे वैमानिक त्यावर पहिले धडे गिरवीत होते. 1959 च्या सुमारास आफ्रिकेतल्या घाना देशाने आपल्या नव्या वायुदलासाठी त्यातली बारा घेतली. ज्या देशात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी टपालाचे पहिले विमान उडाले ते फ्रेंच वैमानिकाच्या हातून, त्या देशाचे विमान दुसऱ्या नवस्वतंत्र देशातली मुले उडवू लागली.

त्यानंतरची घाटगे यांची कारकीर्द म्हणजे विमानांची यादीच होईल, म्हणून ती आवरती घेतो. पुष्पक हे क्लबांसाठीचे हलके विमान 1958 साली उडाले. कृषक त्याच्या मागोमाग. 1956 साली जर्मन अभियंता कुर्ट टँक बंगळूरला आले आणि मरुत ह्या लढाऊ विमानाचे काम सुरू झाले. मरुत बांधण्याआधी त्याच आकाराचा लाकडी ग्लायडर करून 1959 साली तो उडवून पाहिला, आणि मग 1961 साली मरुत उडाले. आधी लाकडाचे, मग धातूचे! आमच्या थर्मोकोलवाल्यांना मी हे आवर्जून सांगितले. जेट इंजिनावरचे शिकाऊ विमान किरण हे घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आले आणि 1964 साली उडाले. पुढच्याच वर्षी सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

किरणवर शिकलेल्या वैमानिकांची संख्याही मोठी आहे; ते विमान कित्येक दशके वायुदलात राहिले आणि हवाई कसरतींच्या सूर्यकिरण पथकाने 1996 पासून तेच वापरले. एच.टी. 2 ची जागा 1980 च्या दशकात नव्या विमानांनी घेतली. घाटगे 1991 साली वारले. तोवर त्यांचे पहिले विमान वायुदलातून निवृत्त झाले होते.